चपलेने जात का चोरली?

दोन राष्ट्रांमधील मैत्रीचे करारनामे साहित्य म्हणून कोणी वाचत नाही. आपण ते वाचले पाहिजेत. कथा-कवितेत शब्दांची निवड करून काही माणसांना घरात घेतले जाते आणि काहींना उंबऱ्याबाहेर उभे केले जाते. व्यापाराच्या भाषेतही हेच घडते; फरक इतकाच, की तिथे उंबरा दिसत नाही. कोल्हापुरी चपलेच्या निमित्ताने २०२५ साली भारत आणि इटली या मित्रराष्ट्रांत जी भाषा बोलली गेली, तिची समीक्षा मला करावयाची आहे.

प्रथम घटनाक्रम पाहू. जून २०२५ मध्ये मिलान शहरात प्राडा या इटालियन कंपनीने पुरुषांच्या नव्या पोशाखांचे प्रदर्शन भरवले. त्यातल्या पुरुषांच्या पायांत कोल्हापुरी घाटाच्या चपला होत्या. पण कोल्हापूरचे नाव कुठेच नव्हते. चामड्याच्या सँडल, एवढीच त्यांची ओळख. इकडे ओरड झाली. मग कंपनीने महाराष्ट्र चेंबर ऑफ कॉमर्सला पत्र लिहून या चपला भारतीय हस्तकलेपासून प्रेरणा घेऊन केल्याचे मान्य केले. जुलैमध्ये कंपनीची माणसे कोल्हापुरात येऊन गेली. ११ डिसेंबर २०२५ रोजी मुंबईत, भारत-इटली व्यापार मंचाच्या निमित्ताने, सामंजस्य करार झाला. एका बाजूला प्राडा. दुसऱ्या बाजूला महाराष्ट्राचे संत रोहिदास चर्मोद्योग व चर्मकार विकास महामंडळ आणि कर्नाटकाचे डॉ. बाबू जगजीवनराम चर्मोद्योग विकास महामंडळ. दोन हजार जोड या दोन राज्यांत करून घ्यायचे, जोडाची किंमत सुमारे ८०० युरो ठेवायची, फेब्रुवारी २०२६ पासून जगभरातल्या ४० दुकानांत त्यांची विक्री करायची आणि कारागिरांना प्रशिक्षण द्यायचे, असे तेव्हा जाहीर झाले.

यामागे मोठी राजकीय चौकट आहे. मार्च २०२३ मध्ये भारत-इटली संबंधांना सामरिक भागीदारीचा दर्जा मिळाला. नोव्हेंबर २०२४ मध्ये दोन्ही पंतप्रधानांनी २०२५ ते २०२९ या काळाचा संयुक्त कृती आराखडा जाहीर केला. जानेवारी २०२६ मध्ये भारत आणि युरोपीय संघ यांच्यातील मुक्त व्यापार कराराच्या वाटाघाटी पूर्ण झाल्या. चामड्याच्या वस्तू आणि पादत्राणे यांच्यावरील युरोपातील आयातशुल्क या कराराने जाणार आहे. म्हणजे चपलेचा रस्ता रुंद होतो आहे. प्रश्न असा, की या रस्त्याने चपलेबरोबर चप्पल करणारा किती पावले चालणार?

या साऱ्या व्यवहाराची शब्दसंपत्ती पाहा. ‘वारसा’, ‘परंपरा’, ‘हस्तकला’, ‘कारागीर’, ‘प्रेरणा’. शब्द सुंदर आहेत. पण ढोराने कातडे कमावले आणि चांभाराने जोड शिवला, हे साधे ऐतिहासिक सत्य सांगणारा एकही शब्द त्यात नाही. बाभळीची साल आणि हिरडा यांच्या पाण्यात कातडे मुरवताना ज्याच्या हातांचा वास जन्मभर गेला नाही, तो या भाषेत ‘परंपरा’ होतो. ज्याच्या घराला गावाने कडेची जागा दिली, त्याचे कसब ‘भारताचा वारसा’ होते. चांभाराला मराठी भाषेने आजवर काय दिले? नसत्या उठाठेवीला ‘चांभारचौकशा’ हे नाव दिले, आणि खालच्याने खालीच राहावे म्हणून ‘पायातली वहाण पायातच बरी’ ही म्हण दिली. आता तीच वहाण मिलानच्या मंचावर चढली, तेव्हा तिला पायातून काढून डोक्यावर घेणारे पुष्कळ निघाले. कोल्हापूरची अस्मिता दुखावली, महाराष्ट्राचा अपमान झाला, देशाचा ठेवा चोरीला गेला, असे ते म्हणाले. या अस्मितेत सुभाषनगरातल्या चर्मकाराला जागा कधीपासून मिळाली, हे मात्र कोणी सांगितले नाही.

बाबुराव बागूल यांच्या ‘जेव्हा मी जात चोरली होती’ या संग्रहाने १९६३ साली मराठी वाचकाला हादरवले. शीर्षककथेतला नायक परक्या गावी डोक्यावर छप्पर मिळावे म्हणून जात लपवतो. आज माणसाऐवजी वस्तू तेच करते आहे. उंची दुकानात कपाट मिळावे म्हणून चपलेला जात चोरावी लागते. पण बागुलांच्या नायकाने स्वतःच्या जिवासाठी जात चोरली. चपलेची जात दुसऱ्यांनी, त्यांच्या सोयीसाठी चोरली आहे. जातीचे नाव गेले म्हणून जात गेली असती, तर मी पहिला आनंद मानला असता. परंतु नाव पुसून काम त्याच हातांत ठेवले जाते, याला जातिअंत म्हणत नाहीत. माधव कोंडविलकरांचे ‘मुक्काम पोस्ट देवाचे गोठणे’ १९७९ साली आले. चर्मकार घरात जन्मलेला माणूस मास्तर झाला तरी गाव त्याला काय म्हणून ओळखते, ते त्या पुस्तकात आहे. गावाला नाव विसरता येत नाही. व्यापाराला ते आठवत नाही. दोन्हींत फायदा एकाच बाजूचा होतो.

आता पैशाकडे वळू, कारण अस्मितेच्या गोंगाटात नेमका हाच मुद्दा हरवतो. दोन हजार जोड आणि प्रत्येकी ८०० युरो, म्हणजे १६ लाख युरो. एक युरो शंभर रुपये असा ढोबळ भाव धरला तरी विक्रीची रक्कम सोळा कोटी रुपये होते. दुकानातल्या एका जोडाची किंमत ऐंशी हजार. कोल्हापूरच्या चप्पल लाइनीत साधा चांगला जोड हजाराच्या आसपास मिळतो, आणि त्यातही चामडे, शिलाई, दुकानदार असे वाटेकरी असतात. किंमत जगजाहीर झाली, जोडांची संख्या झाली, दुकानांचा आकडा झाला. एका जोडामागे करणाऱ्याच्या हातात किती पडणार, तो आकडा मात्र जाहीर झाला नाही. माझ्या मते या कथेतले सर्वात मोठे मौन तेच आहे.

या मौनात आणखी एक मौन आहे, बाईचे. पट्ट्यावरची वेणी विणणे, बारीक टाचणी, नक्षी हे काम पुष्कळ घरांत बायकाच करतात. माझ्या आईने अशा वेण्या विणल्या. आमच्या घरात पदवी घेणारा मी पहिला. माझ्या फीचे पैसे त्या वेण्यांतून आले. व्यापाऱ्याच्या वहीत नाव वडिलांचे असे, आईचे कधीच नव्हते. ‘कारागीर’ म्हटले की डोळ्यांपुढे पुरुष उभा राहतो. पुढल्या करारात ही चूक तशीच चालू राहिली, तर चोरीचा माल फक्त दुसऱ्या घरात गेला असे म्हणावे लागेल.

कायदा काय म्हणतो? २०१९ साली कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळाले. त्यात महाराष्ट्राचे कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकाचे बेळगाव, बागलकोट, धारवाड, विजापूर असे आठ जिल्हे येतात. सीमेसाठी भांडणारी दोन राज्ये चपलेपुरती एकत्र आली, कारण रापी आणि आरी यांना सीमा नाही. परंतु नोंदणीकृत मालकी दोन सरकारी महामंडळांची आहे. जुलै २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने प्राडाविरुद्धची जनहित याचिका फेटाळली, ती याचिकाकर्ते मानांकनाचे मालक नाहीत म्हणून. कायद्याच्या दृष्टीने ते बरोबर असेल. पण त्यातून कळते ते असे, की ज्याने चप्पल केली त्याच्या वतीने बोलण्याचा हक्क दुसऱ्याकडे आहे. कायद्यात ‘अधिकृत वापरकर्ता’ म्हणून उत्पादकाला नाव नोंदवता येते. वस्त्यावस्त्यांत जाऊन ही नोंदणी करून देणे, हे भाषणे देण्यापेक्षा मोठे काम आहे.

आणि कातड्याचे काय? महाराष्ट्रात २०१५ पासून बैल-वळूच्या हत्येवरही बंदी आली आणि आधीच अडचणीत असलेला कातड्याचा पुरवठा आणखी आटला. जुलै २०१६ मध्ये गुजरातेत उना येथे मेलेल्या गाईचे कातडे सोलणाऱ्या दलित तरुणांना भर रस्त्यात मारहाण झाली. कातडे सोलणाऱ्याला घरी मार आणि कातड्याला परदेशी मान, अशी ही राष्ट्रीय संस्कृती आहे. मैत्री इटलीशी जरूर व्हावी. पण शेजारच्या वस्तीशी कधी होणार?

इथे चळवळीतला कार्यकर्ता मला अडवील. बाबासाहेबांनी जातीने लादलेले धंदे सोडायला सांगितले. मग आम्ही पुन्हा रापी उचलायची का? हा आक्षेप खरा आहे आणि त्याला बगल देऊन चालणार नाही. चर्मकाराच्या मुलाने चप्पलच करावी असे म्हणणारा करार मिलानचा असो की मनूचा, मी तो मानणार नाही. पण बाबासाहेब अर्थशास्त्रज्ञही होते. १९२३ च्या ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ या ग्रंथात त्यांनी दाखवले, की रुपया स्वस्त झाला की निर्यातदारांना जो नफा होतो, तो मजुराच्या पोटातून येतो, कारण महागाईच्या मागे मजुरी धावत नाही. परदेशी व्यापाराला विचारायचा प्रश्न त्यांनी तेव्हाच घालून दिला: नफा कोणाच्या खिशातून कोणाच्या खिशात गेला? धंदा लादलेला असतो तेव्हा ती गुलामी असते. धंद्याची मालकी, हिशेब आणि सोडून जाण्याची मुभा हातात आली, तर तोच धंदा भांडवल होतो. या दोहोंतला फरक शिक्षणाने पडतो. म्हणून प्रशिक्षणासाठी इटलीला जाणाऱ्या मुला-मुलीने टाका घालायला शिकू नये. तो त्याला येतो. त्याने किंमत कशी ठरते ते शिकून यावे.

दोन हजार जोडांची मागणी ही लहान गोष्ट नाही. कोणाच्या तरी चुलीला ती महिनोन्महिने पुरेल. म्हणून मी करार फाडा असे म्हणत नाही. मी तो वाचा असे म्हणतो, आणि त्यात तीन गोष्टी लिहून घ्या असे म्हणतो. प्रत्येक जोडामागची मजुरी जाहीर व्हावी. करणाऱ्यांचे प्रतिनिधी, स्त्रियांसह, बोलणीच्या टेबलावर बसावेत. आणि चपलेच्या डबीवर प्रदेशाबरोबर करणाऱ्याचे नाव असावे. जातीचे नको, माणसाचे. शाहू महाराजांनी १९०२ साली याच शहरातून राखीव जागांचा जाहीरनामा काढला, तेव्हा त्यांनी आम्हाला वारसा म्हटले नव्हते. त्यांनी आम्हाला जागा दिली होती.