रुचीची व्याप्ति

‘आमची आवड ठरलेली आहे,’ असें म्हणण्यांत सुशिक्षित मनुष्याला एक प्रकारचें भूषण वाटतें. संगीताच्या बाबतींत तर हें भूषण फारच मिरविलें जातें. एकाला ख्यालावांचून दुसरें गाणें हें गाणेंच वाटत नाहीं; दुसरा नाट्यपदापलीकडे पाऊल टाकीत नाहीं; आणि तिसरा गवयाचें घराणें कळल्याखेरीज मान डोलावीत नाहीं. निष्ठा हा गुण खरा. परंतु निष्ठेच्या नांवाखालीं कान मिटून घेण्यानें काय गमावतें, हें पाहावयाचें तर कुमार गंधर्वांच्या गायकीचा विचार करावा.

शिवपुत्र कोमकळी हा मुलगा बालपणींच थोर गवयांच्या ध्वनिमुद्रिका हुबेहूब गाऊन श्रोत्यांस थक्क करीत असे. केवळ अनुकरणावर त्याचा जन्म सुखानें गेला असता. परंतु मुंबईस त्याला गुरु लाभले ते प्रो. बी. आर. देवधर. देवधर हे विष्णु दिगंबर पलुसकरांचे शिष्य. तरीहि पाश्चात्त्य संगीताचा अभ्यास करण्यांत किंवा निरनिराळ्या घराण्यांच्या उस्तादांकडून विद्या घेण्यांत त्यांनीं कधीं कमीपणा मानला नाहीं. असा गुरु शिष्याला एकाच गायकीच्या दावणीला कसा बांधील?

१९४८ सालीं कुमार देवासला राहावयास गेले आणि क्षयरोगानें कांहीं वर्षें त्यांचें गाणेंच बंद पडलें. पण कंठ बंद असतां कान उघडे होते. माळव्यांतील बायकांचीं गाणीं, नाथपंथी साधूंचीं निर्गुण भजनें त्यांनीं मन लावून ऐकलीं. लोकगीताच्या धुनेचा पल्ला बहुधा चार-पांच स्वरांचाच असतो. शास्त्राभिमानी तिला ह्याच कारणास्तव हलकी लेखतो. कुमारांस त्या वळणांतच रागाचें बीज दिसलें. मालवती, संजारी इत्यादि त्यांचे धुनउगम राग हें त्या श्रवणाचेंच फळ.

त्यांच्या गाण्यांतील आंखूड, धारदार स्वरसमूहांचें कारण दुर्बल झालेलें फुप्फुस, असें सांगून कांहीं टीकाकार मोकळे होतात. आम्हांस हें पुरेसें वाटत नाहीं. श्वास अपुरा पडला म्हणजे मनुष्य जुनेंच थोडक्यांत गाईल. त्याला नवें कशानें सुचावें? तें सुचलें ऐकण्यानें.

ह्याचा अर्थ त्यांचें सर्वच निर्दोष, असा नव्हे. विलंबित ख्यालांत एकेका स्वराची सावकाश बढत ऐकण्याचें जें सुख किराण्याच्या गायकींत मिळतें, तें येथें क्वचितच मिळतें. हा भेद ओळखणें अवश्य आहे. व्यापक रुचि म्हणजे सगळेंच सारखें चांगलें मानणें नव्हे. आधीं ऐकावें आणि मग निवाडा करावा, एवढेंच तिचें मागणें.

मान्यता पावल्यानंतरहि ह्या गवयानें बालगंधर्वांच्या नाट्यपदांचा अभ्यास करून ‘मला उमजलेले बालगंधर्व’ हा कार्यक्रम सादर केला. ‘उमजलेले’ हा शब्द विद्यार्थ्याचा आहे. आमच्या घराघरांतून मात्र चाळिशी उलटली कीं ‘आतां ह्या वयांत काय शिकावयाचें?’ हा प्रश्न ऐकूं येतो, आणि तोच पुढें मुलांच्या आवडीनिवडींवर पहारेकरी होऊन बसतो. मुलगा कांहीं अपरिचित ऐकूं लागला, तर वडील मंडळींनीं नाक मुरडण्यापूर्वीं घटकाभर त्याच्या शेजारीं बसावें. न आवडल्यास तसें सांगण्याचा अधिकार त्यानंतरहि उरतोच.