पाहणें आणि दिसणें

ग्रंथपरीक्षण करतांना टीकाकारानें प्रथम ग्रंथकाराचा हेतु समजून घ्यावा, तो कितपत सिद्धीस गेला आहे तें पाहावें, आणि मग तो हेतु मुळांत पुरेसा होता कीं नाहीं ह्याचा निवाडा करावा, ही रीत जुनी असली तरी अजून टाकण्याजोगी झालेली नाहीं. आज तीच रीत पुस्तकास न लावतां एका नव्या तऱ्हेच्या संग्रहालयास लावून पाहण्याचा विचार आहे. २०१६ सालीं न्यूयॉर्क शहरांत ‘म्युझियम ऑफ आइस्क्रीम’ उघडलें. २०१८ सालीं कॅलिफोर्नियांतील ग्लेंडेल येथें ‘म्युझियम ऑफ सेल्फीज’ निघालें. २०२४ सालीं आपल्या मुंबईच्या फोर्ट भागांत ‘पॅराडॉक्स म्युझियम’ सुरू झालें. ह्या संस्थांची मांडणी निरनिराळी असली तरी कुळी एकच आहे. कांचेच्या कपाटांत जपून ठेवलेल्या दुर्मिळ वस्तूंसाठीं येथें कोणी येत नाहीं. रंगविलेल्या खोल्या, डोळ्यांस फसविणारीं चित्रें, आणि प्रत्येक देखाव्यांत राखून ठेवलेली एक मोकळी जागा, एवढाच ह्यांचा संभार. ती मोकळी जागा प्रेक्षकाची. तो तेथें उभा राहिला, खिशांतील यंत्र काढून त्यानें आपली छबी टिपली आणि ती समाजमाध्यमांवरून जगास धाडली, म्हणजे प्रदर्शन पुरें झालें. प्रेक्षक हीच तेथील मुख्य वस्तु होय.

हा प्रकार पाहण्यासाठीं आम्हां कुलाबकरांस फार दूर जाण्याचें कारण नाहीं. मांडव्यापासून श्रीवर्धनापर्यंतच्या किनाऱ्यास आतां त्याच संग्रहालयाची कळा येऊं लागली आहे. त्यास भिंती नाहींत इतकेंच. पुळणीवर गांवाच्या नांवाचीं पुरुषभर उंचीचीं अक्षरें उभीं केलेलीं दिसतात. उपाहारगृहांच्या भिंतींवर पंख रंगविलेले असतात, ते अशासाठीं कीं त्यांच्या मधोमध मनुष्यानें पाठ टेकून उभें राहावें. २०२० सालीं भाऊच्या धक्क्यापासून मांडव्यापर्यंत मोटारींसह माणसें वाहणारी रो-रो बोट सुरू झाली आणि मुंबई आणखी जवळ आली. येणारा पाहुणा समुद्र पाहावयास येतो असें आपण म्हणतों. परंतु समुद्राकडे तोंड करून उभे राहणारे किती आणि पाठ करून उभे राहणारे किती, हें कोणींही एखाद्या रविवारीं सायंकाळीं मोजून पाहावें.

एवढें वाचून वाचकांस वाटेल कीं, आतां नेहमींप्रमाणें तरुण पिढीच्या आत्मप्रौढीवर एक प्रवचन होणार. तसा विचार नाहीं. आपली छबी असावी ही इच्छा आजची नव्हे, आणि ती हलकी तर मुळींच नव्हे. अठराव्या शतकाच्या अखेरीस जेम्स वेल्स नांवाचा स्कॉटिश चित्रकार पुण्यास आला. त्यानें सवाई माधवराव आणि नाना फडणवीस ह्यांचें जें चित्र रंगविलें, त्यामुळें ते दोघे आज आपल्या डोळ्यांपुढें उभे राहतात. त्याच काळीं शनिवारवाड्याच्या दारांत जे हजारों लोक वावरले त्यांचा चेहरा आपणांस ठाऊक नाहीं. तसबीर हा दरबाराचा मान होता. पुढें १८५४ सालीं मुंबईस फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली, डॉ. भाऊ दाजी व त्यांचे बंधु नारायण दाजी तिचे सभासद होते. तेव्हां हा मान शिकलेल्या आणि सधन घरांत शिरला. त्यानंतर जत्रेंतील फोटोवाला आला. त्याच्या राहुटींत पडद्यावर ताजमहाल असे, पुठ्ठ्याचें विमान असे, चंद्राची कोर असे. आणि आठ आण्यांत कोणींही विमानांत बसून यावें. आजच्या छबी-संग्रहालयाचा खरा मूळपुरुष हा राहुटीवाला होय. अमेरिकेंतील खोल्यांचें भाडें मोठें असेल, परंतु कल्पना तीच पुठ्ठ्याच्या विमानाची आहे.

गेल्या हिंवाळ्यांत ओहोटीच्या वेळीं मी कुलाबा किल्ल्यांत बसलों असतां एका कातकरी कुटुंबाची एक म्हातारी बाई तेथें आली होती. नातवानें तिला तटावर बसविलें आणि तिची छबी टिपून तिच्यापुढें धरली. तिचा आजवरचा फोटो म्हणजे मतदार-ओळखपत्रावरचा, असें तो मुलगा म्हणाला. त्या फोटोंत मनुष्य आरोपीसारखा दिसतो हें सर्वांस ठाऊक आहे. ह्या दुसऱ्या चित्रांत ती हंसत होती आणि मागें समुद्र होता. तिनें तें यंत्र बराच वेळ हातांत धरून ठेवलें. ज्यांच्या घरांतून तीन पिढ्यांच्या तसबिरी टांगलेल्या आहेत, त्यांनीं छबीच्या हव्यासावर टीका करतांना ही बाई विसरतां कामा नये. सरकारनें हवा तसा काढलेला चेहरा आणि आपण हवा तसा राखलेला चेहरा ह्यांत जें अंतर आहे, तें माणुसकीच्या इतिहासांतील लहान अंतर नव्हे.

मग आक्षेप कोणता? तो समजण्यास आपल्या भाषेचीच थोडी मदत घेऊं. मराठींत आजवर ‘फोटो काढून घेणें’ असा प्रयोग होता. ह्या ‘काढून घेण्यांत’ दुसरा मनुष्य गृहीत धरलेला असे. तो काळ्या कापडाखालीं डोकें घाली, ‘हनुवटी जरा वर’ म्हणे, टोपी सरळ करी, आणि कधीं कधीं ‘आज राहूं द्या, उजेड चांगला नाहीं’ असें सांगून परतही पाठवी. तो आपला पहिला टीकाकार होता. स्वतःच स्वतःची छबी टिपणें अगदींच नवें नाहीं. फिलाडेल्फियांतील रॉबर्ट कॉर्नेलियस ह्यानें १८३९ सालींच तें केलें होतें. परंतु त्यास खुर्चीवर बराच वेळ निश्चळ राहावें लागलें, आणि तें एकच चित्र झालें. २०१० सालीं आयफोनच्या पुढील बाजूस कॅमेरा बसला, त्याच सालीं इन्स्टाग्राम निघालें, आणि २०१३ सालीं ऑक्सफर्डच्या कोशकारांनीं ‘सेल्फी’ ह्या शब्दास वर्षाचा शब्द म्हणून मान दिला. तीन वर्षांत मधला मनुष्य नाहींसा झाला. आतां लेखक, विषय, मुद्रक आणि प्रकाशक एकच. आणि वाचकाच्या हातीं अंगठा वर करण्याखेरीज कांहीं काम उरलें नाहीं. ज्या वाङ्मयांत लेखक आणि विषय एकच असतो व टीकाकार कोणीच नसतो, तें वाङ्मय लवकरच एकसुरी होतें. हीं चित्रें पाहावीं, म्हणजे ह्याची खात्री पटते. माणसें हजार, परंतु मान वळविण्याची तऱ्हा एक.

दुसरा आक्षेप ह्याहून गंभीर आहे, आणि तो पाहिल्या जाणाऱ्या वस्तूच्या बाजूनें आहे. कुलाबा किल्लाच घ्या. शिवाजीमहाराजांच्या आज्ञेनें १६८० सालीं त्याचें बांधकाम सुरू झालें. पुढें तो कान्होजी आंग्र्यांच्या आरमाराचें ठाणें झाला. १७२१ सालीं इंग्रज आणि पोर्तुगीज ह्यांनीं मिळून केलेला हल्ला त्यानें परतविला. त्याच्या समुद्राकडील तटांत मोठमोठे चिरे चुन्यावांचून एकावर एक रचलेले आहेत. लाटेचें पाणी सांध्यांत शिरून तिचा जोर मोडतो, असें जाणकार सांगतात. आंत गणेशपंचायतन आहे, आणि भोंवतीं खारें पाणी असूनही गोड्या पाण्याचा सांठा आहे. उत्तरेकडील तटापाशीं चाकांच्या गाड्यांवर दोन तोफा आहेत. त्यांवर यॉर्कशायरमधील लो मूर येथील लोखंडाच्या कारखान्याचें नांव ओतलेलें आहे. आंग्र्यांच्या किल्ल्यावर यॉर्कशायरचें लोखंड कां आलें, ह्या एका प्रश्नांत एका आरमाराचा अस्त सांठविलेला आहे. त्या दिवशीं त्या तोफांपाशीं अनेक मेळे आले, तोफेवर हात ठेवून उभे राहिले आणि गेले. तें नांव वाचण्यास कोणी वांकला नाहीं. चित्रांत तोफ आली होती. डोळ्यांत आली नव्हती. संग्रहालयांतील वस्तु मनुष्यास प्रश्न विचारते हें तिचें काम. येथें तिला पडद्याची नोकरी लागली. पुठ्ठ्याच्या विमानाचें ह्यांत कांहीं बिघडत नाहीं, कारण त्याजवळ सांगण्यासारखें कांहीं नसतें. किल्ल्याचें सर्वस्व बिघडतें.

ह्याच किनाऱ्यावर पाहण्याचा दुसरा एक धडा घडून गेला आहे. अलिबागेच्या उत्तरेस किहीम येथें १९३० सालीं सालिम अली हे नोकरीवांचून राहत होते. घराजवळ सुगरण पक्ष्यांची वसाहत होती. त्यांनीं शिडीवर कापडाचा आडोसा बांधला आणि त्याच्या आड बसून दिवसेंदिवस त्या पक्ष्यांचें निरीक्षण केलें. नर अर्धवट खोपा विणतो, मग मादी येऊन त्याची पारख करते, तिला पसंत पडला तर नर तो पुरा करतो, आणि मग दुसरा खोपा विणावयास घेतो, ही हकीकत त्यांस तेथें उलगडली. पुढल्या वर्षीं ती मुंबईच्या निसर्गेतिहास संस्थेच्या नियतकालिकांत प्रसिद्ध झाली. आपण ‘सुगरण’ असें स्त्रीलिंगी नांव देऊन मोकळे झालों होतों. विणणारा नर आहे हें पाहण्यास कोणीतरी आडोशामागें बसावें लागलें. येथें दोन गोष्टी ध्यानांत घेण्याजोग्या आहेत. एक ही कीं, पाहण्यासाठीं त्या मनुष्यानें प्रथम स्वतःस लपविलें. दुसरी ही कीं, तो नर पक्षीही एका अर्थीं आपलें प्रदर्शनच मांडून बसलेला असतो; पंख फडकावून तो मादीस बोलावितो. तेव्हां दिसण्याची हौस निसर्गबाह्य नाहीं. परंतु त्याच्या प्रदर्शनाची परीक्षा होते, त्यांत नापास होण्याची सोय असते, आणि पसंतीस उतरल्यावर त्याचें घर होतें. आमच्या चित्रांचें पुढें काय होतें?

कधीं कधीं जें होतें तें लिहावयास हात धजत नाहीं. २०१६ च्या आरंभीं वांद्र्याच्या बँडस्टँडवर छबी टिपतांना मुली समुद्रांत पडल्या. त्यांतील एक मुलगी आणि त्यांना वांचविण्यासाठीं उडी टाकणारा एक मनुष्य असे दोघे बुडाले. त्यानंतर मुंबई पोलिसांनीं सोळा ठिकाणें छबी टिपण्यास धोक्याचीं म्हणून ठरविलीं. २०२४ च्या जुलैंत आमच्याच जिल्ह्यांत, माणगांव तालुक्यांतील कुंभे येथील धबधब्यापाशीं चित्रीकरण करतांना एक तरुणी दरींत कोसळून मृत्यु पावली. अशा वेळीं मृतास दोष देणारीं पत्रें वर्तमानपत्रांत येतात. तीं लिहिणारांस मला इतकेंच विचारावयाचें आहे कीं, ज्या व्यवस्थेंत मनुष्याची पत त्याच्या चित्राच्या नवलाईवर दररोज नव्यानें ठरते, ती व्यवस्था त्या मुलीनें निर्माण केली होती काय? छबी-संग्रहालयांतील फसवा कडा निदान पायाखालीं जमीन ठेवून मनुष्यास लोंबकळवितो. त्या संस्थांच्या बाजूनें बोलण्यासारखी ही एक गोष्ट प्रामाणिकपणें मान्य केली पाहिजे. खोटा कडा खऱ्या कड्याहून पुष्कळ दयाळु असतो. दुःख हें कीं, त्या खोलींत लागलेली संवय घेऊन मनुष्य खऱ्या कड्यावर येतो.

तेव्हां निवाडा असा. आपल्या हेतूंत ही नवी संस्था सफळ आहे. ती घटकाभर मौज देते, सामान्य मनुष्यास देखाव्याच्या मध्यभागीं उभें करते, आणि कोणाचें नुकसान करीत नाहीं. तिनें ‘संग्रहालय’ हें नांव घ्यावें, येथें मात्र मी अडतों. संग्रह म्हणजे जें आपल्यापूर्वीं होतें व आपल्यानंतर राहावें असें वाटतें तें जपणें. जेथें आपल्यावांचून दुसरें कांहींच नाहीं, ती जत्रा होय. आणि जत्रेनें जत्रेचें नांव मिरवावें, त्यांत कमीपणा नाहीं. खरा अपराध दुसऱ्या बाजूनें घडतो. किल्ला, पुळण, लेणें, ह्या खऱ्या संग्रहांस आपण जत्रेचे पडदे करूं लागलों आहों, आणि ह्या कामीं ग्रामसंस्था, सरकारी खातीं आणि हॉटेलवाले ह्यांचें नवल वाटण्याजोगें एकमत आहे. अक्षरें उभारण्यास पैसा निघतो. तोफेवरील नांवाचा अर्थ सांगणारी एक मराठी पाटी लावण्यास निघत नाहीं. बंदी घालून हें सुधारणार नाहीं. त्या म्हातारीचें चित्र बंद करणारी बंदी मला नको आहे. परंतु मुलांस किल्ल्यावर नेतांना आम्हां शिक्षकांस एवढें करतां येईल: पहिला अर्धा तास यंत्रें पिशवींत, प्रत्येकानें एक वस्तु निवडून तिच्याविषयीं एक प्रश्न लिहावा, आणि मग हवीं तितकीं चित्रें काढावींत. प्रश्न पडल्यावर काढलेलें चित्र निराळें येतें.

अलिबागेस एक वेधशाळा आहे; किनाऱ्यावर येणारांपैकीं फारच थोडे तिच्याकडे फिरकतात. मुंबईच्या ट्रामगाड्या विजेवर चालणार असें ठरलें तेव्हां कुलाब्याच्या जुन्या वेधशाळेंतील चुंबकसूच्या बिघडतील, हें डॉ. नानाभाई मूस ह्यांनीं ओळखलें, आणि १९०४ सालीं ते काम अलिबागेस आणलें. दोन वर्षें दोन्हीकडे बरोबर नोंदी घेऊन मगच कुलाब्याच्या बंद केल्या. सूचीवर परिणाम होऊं नये म्हणून येथील इमारती लोखंडास फांटा देऊन बांधल्या. त्या अंधाऱ्या खोलींत पुढें कित्येक वर्षें प्रकाशास संवेदनशील अशा कागदावर एक रेघ उमटत राहिली. तीही छबीच होती, परंतु पृथ्वीची. आणि ती नीट उमटावी म्हणून माणसांनीं आपल्या खिशांतील लोखंडसुद्धां दूर ठेवावयाचें होतें. हें काम आजही चालू आहे. जी वस्तु पाहावयाची तिच्यावर आपली छाया पडूं नये, एवढ्यासाठीं ह्या लहानशा गांवीं एक सबंध घर बांधलें गेलें, हें येथें येणाऱ्या पाहुण्यांस कोणीतरी सांगावयास हवें.