पाच टेबलांचं सावजी

खाण्याविषयी लिहायला दोन गोष्टी लागतात, जीभ आणि वेळ. बँकेतल्या नोकरीमुळे माझ्याकडे वेळ नाही आणि वीस वर्षं सावजी खाल्ल्यामुळे जीभ उरलेली नाही, असं आमच्या घरातलं मत आहे. तरीही लिहितोय. कारण गोळीबार चौकाकडच्या एका गल्लीतल्या ज्या भोजनालयाबद्दल लिहायचंय, तिथे टीकाकार म्हणून दुसरं कोणी जाणार नाही. त्याचं नाव मुद्दामच देत नाही. टेबलं पाचच आहेत.

मेनूकार्ड नाही. मालक येतो, तुमचा चेहरा बघतो आणि विचारतो, "भाऊ, मटन का सुंदरी?" परगावच्या वाचकांसाठी सांगतो, सुंदरी म्हणजे बकऱ्याची आतडी. हे नाव ज्यानं ठेवलं त्याला आमच्या बँकेच्या जाहिरात खात्यात घ्यायला हवं होतं. आमचा पुण्याचा भाचा सुशीचा भक्त आहे. तो सांगत होता, अस्सल जपानी दुकानात गिऱ्हाईक काही मागतच नाही. 'तुम्हीच ठरवा' म्हणतं आणि आचारी पुढ्यात ठेवील ते खातं. याला ओमाकासे म्हणतात, आणि त्याचे पैसे दणकून घेतात. इथे हेच चालतं, फक्त त्याला नाव नाही. "मटन संपलं, अंडाकरी खाऊन घ्या," म्हटलं की खाऊन घ्यायची.

आता रस्सा. वर तर्रीचा काळपट तांबडा थर असतो. बाहेरचे लोक त्या थरालाच सावजी समजतात आणि घाबरून दही मागवतात. थर बाजूला सारा. खाली भाजलेलं सुकं खोबरं आहे, खसखस आहे, दगडफूल आहे, काळी मिरी आहे. मिरचीचा तिखटपणा जिभेच्या शेंड्याला चावून निघून जातो. मिरीचा मागाहून येतो, आणि चक्रवाढ व्याजानं येतो. इथला रस्सा त्या दुसऱ्या जातीचा. तिसऱ्या घासाला दगडफुलाचा वास लागला पाहिजे. इथे लागतो. एरवी जिथे लागत नाही तिथून मी पैसे देऊन उठतो. पाटोडी रस्सा मात्र मागवू नका. बेसन कच्चट राहतं. पंखा आवाज करतो, वारा देत नाही.

हे जेवण मूळचं विणकरांचं, हलबा कोष्ट्यांच्या घरातलं. दिवसभर मागावर बसून लुगडी विणायची आणि जवसाच्या तेलातल्या रश्श्याशी ज्वारीची भाकरी खायची. १८७७ साली जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल नागपुरात सुरू झाली. पुढे गिरण्या आणि यंत्रमाग यांच्यापुढे हातमाग टिकेना, तेव्हा त्यातल्या काही घरांनी चुलीवरचं विकायला काढलं. आता ती गिरणीही नाही, तिच्या जागेवर एम्प्रेस नावाचाच मॉल उभा आहे. कापड गेलं, गिरणी गेली, रस्सा राहिला. बी.कॉम.ला हा धडा नव्हता.

माझी खरी तक्रार सावजी या शब्दाच्या सध्याच्या उलाढालीबद्दल आहे. ढाब्यावर सावजी, पाकिटात सावजी. एका वातानुकूलित हॉटेलात मी 'सावजी पनीर' खाल्लं. मिरचीपूड, लाल रंग आणि वरून तेल. सुशीचंही तेच झालंय म्हणा. जपानबाहेर वसाबी म्हणून जी हिरवी चटणी देतात ती बहुतेक वेळा हॉर्सरॅडिश नावाच्या भलत्याच मुळाची, वर हिरवा रंग दिलेली. नाव फार चाललं की मालाची गरज उरत नाही.

गल्लीतल्या या भोजनालयात मसाला मालकाची आई रोज सकाळी स्वतः भाजते आणि वाटते. एका पातेल्यापुरता. पातेलं संपलं की दुकान बंद. हातमागाचंच गणित आहे हे, आणि चव त्यातूनच येते, असा माझा सिद्धांत. तो मी दोन-तीन मित्रांना ऐकवलाही होता.

गेल्या महिन्यात मालकानं जेवण वाढता वाढता मुद्रा कर्जाची चौकशी केली. शेजारचा गाळा घ्यायचाय, वीस टेबलं टाकायचीत. माझा घास थांबला. मी आत डोकावून आजींना विचारलं, "वीस टेबलांचा मसाला वाटणार कोण?"

"मशीन घेऊ ना, बाप्पा," आजी म्हणाल्या. "माहे हात दुखून राहिले."

त्यांच्या बोटांकडे त्या दिवशी पहिल्यांदा नीट बघितलं. दुसऱ्या दिवशी फॉर्म नेऊन दिला, मीच भरलाही. मशीनचं कोटेशन तेवढं जोडायचं राहिलंय.