पॅरिश: स्थळ आणि आवाज

क्युबेकमधील फ्रेंचभाषक ग्रामजीवनावरील कादंबऱ्यांची चर्चा करताना ‘पॅरिश’, म्हणजे एका चर्चच्या व एका धर्मगुरूच्या कक्षेत येणारा गावसमूह, ही केवळ पार्श्वभूमी मानली जाते. लुई एमों यांच्या ‘मारिया शापदलेन’च्या संदर्भात ही समजूत अपुरी पडते. येथे पॅरिश स्थळ म्हणून क्षीण आणि आवाज म्हणून प्रबळ आहे.

कादंबरीचा प्रारंभ पेरिबोंका येथील चर्चच्या दाराशी होतो. प्रार्थना आटोपून माणसे बाहेर पडतात, थट्टा करतात, बातम्या सांगतात. हे सामूहिक दृश्य मात्र लवकरच मागे पडते. शापदलेन कुटुंब दूर, जंगल तोडून केलेल्या शेतीवर राहते. वस्ती वाढू लागली की पिता साम्युएलला नव्या रानाची ओढ लागते. माता लोरा मात्र जन्मभर चर्चभोवती वसलेल्या जुन्या गावाची आस धरते आणि ती अपुरी ठेवूनच मरते. पॅरिशचे अस्तित्व असे प्रामुख्याने अभावातून जाणवते.

फ्राँस्वा पारादी बर्फाळ रानात वाट हरवून मरण पावल्यावर मारियासमोर दोन मार्ग उरतात: अमेरिकेतील कारखान्यांच्या शहरात राहणारा लोरेंझो, किंवा शेजारचे रान साफ करणारा ओत्रोप. हा पेच काल्पनिक नव्हता. 1840 ते 1930 या काळात सुमारे नऊ लाख लोकांनी क्युबेक सोडून अमेरिकेची वाट धरली, असा अंदाज आहे. मातेच्या मृत्यूनंतर मारियाला आवाज ऐकू येतात. त्यांतील अखेरचा आवाज क्युबेकच्या भूमीचा. त्यात स्त्रीचे गाणे आणि धर्मगुरूचे प्रवचन एकवटले आहे. तो ‘आम्ही’ म्हणून बोलतो. स्थळ म्हणून दुरावलेली पॅरिश येथे मारियाच्या अंतर्मनात प्रवेश करते.

हा अस्मितेचा जयघोष होय, असे मानणारे वाचन एक गोष्ट नजरेआड करते. ओत्रोपला होकार देताना मारियाच्या शब्दांत उल्हास नाही. या वसंतानंतरच्या वसंतात लग्न करू, एवढेच ती सांगते. ‘आम्ही’चे वक्तृत्व आणि ‘मी’चा हा संकोच यांतील अंतर निवेदक बुजवीत नाही. फ्रान्समधून 1911 साली कॅनडात आलेल्या आणि 1912 मध्ये पेरिबोंकाच्या परिसरात शेतमजुरी केलेल्या एमोंना ते अंतर दिसले असावे.

आल्बेर लाबेर्ज यांच्या ‘ला स्कुईन’मध्ये (1918) हा आवाज नाहीसा होतो. उरते ती क्रूसाची खूण असलेली आंबट, जड पाव. लेखकाने तिच्या अवघ्या 60 प्रती खासगीरीत्या छापल्या. एमोंची कादंबरी मात्र पॅरिसमध्ये 1921 साली पुनःप्रकाशित झाल्यावर जगभर गेली. समूहाला कोणती प्रतिमा आपली वाटली, हे या दोन संहितांच्या नियतीतून कळते. 1960 नंतर क्युबेकच्या सार्वजनिक जीवनावरील चर्चची पकड सैल झाली. त्यामुळे आजच्या समीक्षेने भूमीच्या आवाजाइतकेच मारियाच्या त्या मोजक्या शब्दांकडेही लक्ष द्यायला हवे.