पवनारचे ‘दान’ आणि इंग्रजीतली ‘गिफ्ट’

विनोबांच्या चळवळीवर इंग्रजीत लिहू पाहणारा प्रत्येक जण ‘दान’ या शब्दापाशी अडतो आणि बहुतेक जण ‘गिफ्ट’ लिहून पुढे जातात. एका अनुवादात मीही तेच केले होते. नवजीवनने १९५३ साली विनोबांचे ‘भूदान यज्ञ’ इंग्रजीत काढले, तेव्हा उपशीर्षकात ‘लँड-गिफ्ट्स मिशन’ असेच शब्द घातले. (यज्ञाचे ‘मिशन’ कसे झाले, तो वेगळ्या लेखाचा विषय आहे.)

‘गिफ्ट’ आपल्याला परकी राहिलेली नाही. वाढदिवसाला ती चकचकीत कागदात येते, दिवाळीत मिठाईच्या डब्यासोबत येते. दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात मात्र तिचे नाव ‘बक्षीसपत्र’. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यात, कलम १२२ मध्ये, तिची व्याख्या आहे: एकाने स्वेच्छेने, मोबदला न घेता दिलेली आणि दुसऱ्याने स्वीकारलेली मालमत्ता. या व्याख्येचा प्राण देणाऱ्याच्या मर्जीत आहे. घेणाऱ्याने फक्त ‘हो’ म्हणायचे. ‘बक्षीस’ या फारसी शब्दातही तीच चाल आहे. मालक खूश झाला की चाकराला बक्षीस.

आता विनोबांनी काय मागितले ते पाहू. पवनारच्या परंधाम आश्रमात कांचनमुक्तीचा प्रयोग चालू असताना, मार्च १९५१ मध्ये ते शिवरामपल्लीच्या सर्वोदय संमेलनासाठी पायी निघाले. संमेलनानंतर तेलंगणात फिरताना १८ एप्रिलला पोचमपल्लीच्या दलितांनी त्यांच्याकडे ऐंशी एकर जमीन मागितली आणि गावच्या रामचंद्र रेड्डींनी शंभर एकर देऊ केली. पुढे मागणीला एक ठरलेले रूप आले: घरात पाच मुलगे असतील तर मला सहावा समजा आणि माझा हिस्सा द्या. मुलगा बापाकडे गिफ्ट मागत नाही, वाटणी मागतो. बाप खूश आहे की नाही, हा प्रश्न तिथे गैरलागू असतो. शंकराचार्यांनी गीताभाष्यात दानाचा अर्थ ‘संविभाग’ असा केला आहे. विनोबा वारंवार त्याच अर्थाचा आधार घेत. संविभाग म्हणजे नीट वाटून घेणे. ‘गिफ्ट’मध्ये हा अर्थ मावतच नाही.

पण सगळा दोष इंग्रजीच्या माथी मारणे सोपे आहे, आणि पवनारच त्याच्या आड येते. वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन याची राजधानी प्रवरपूर म्हणजे पवनार, असे वा. वि. मिराशी यांनी प्रतिपादले. रामटेकजवळच्या मनसरकडे बोट दाखवणारे अभ्यासकही आहेत, पण पवनारचा दावा मोडीत निघालेला नाही. याच प्रवरपुराहून प्रवरसेनाने राज्याच्या अठराव्या वर्षी अचलपूरजवळच्या चम्मकचा ताम्रपट काढला आणि ते गाव एक हजार ब्राह्मणांना दिले. या दानाला अटी आहेत. ब्राह्मणांनी राज्याशी द्रोह करू नये, चोरी करू नये, व्यभिचार करू नये, दुसऱ्या गावांवर चालून जाऊ नये. हे पाळतील तोवरच दान टिकेल. फ्लीटपासून मिराशींपर्यंत अभ्यासक अशा दानाला इंग्रजीत ‘ग्रँट’ म्हणतात, आणि ते चपखल आहे. ग्रँट वरून खाली येते. तिला हात पसरलेला लागतो आणि मान झुकलेली.

म्हणजे आपल्या ‘दाना’तही उंची मुळातच होती. धर्मशास्त्रातले भूमिदान पुण्यासाठी असते, आणि ते कोणाला द्यायचे हेही ठरलेले असते. विनोबांनी हाच जुना शब्द उचलला आणि त्यात वाटणीचा अर्थ ओतला. माझ्या मते चळवळीची ताकद या निवडीत होती आणि तिची अडचणही. ‘वाटणी’ म्हटले असते तर जमीनदार कोर्टात गेला असता. ‘दान’ म्हटल्यावर तो पुढे आला. पण पुष्कळ ठिकाणी तो पुण्य घेऊन गेला आणि खडकाळ तुकडा ठेवून गेला. पाच कोटी एकरांचे लक्ष्य होते, कागदावर आले सुमारे चाळीस लाख, आणि त्यातलेही बरेच वाटलेच गेले नाहीत. राज्याराज्यांनी भूदानाचे कायदे केले. जमीन वारसाने पुढे जाईल पण विकता येणार नाही, अशी अट त्यांपैकी अनेकांनी घातली. सावकाराच्या हाती ती जाऊ नये हा हेतू चांगलाच होता. तरी सहाव्या भावाच्या वाटणीवर अशी अट कोण घालतो? चम्मकच्या ताम्रपटाची आठवण होते ती इथे.

‘दान’ हा शब्द आपल्याकडूनच बाहेरही गेला आहे. पालीच्या वाटेने तो थायलंडला पोचला आणि तिथे त्याचा उच्चार ‘थान’ झाला. थाई माणूस सभ्यपणे ‘जेवणे’ म्हणतो तेव्हा ‘रप्-प्रथान’ म्हणतो. शब्दशः पाहिले तर ‘प्रदान स्वीकारणे’. रोजच्या जेवणात प्रत्येक जण असा घेणारा होतो आणि कोणाचीही मान खाली जात नाही. भिकाऱ्याला मात्र ‘खो-थान’ म्हणतात, म्हणजे दान मागणारा. शब्द तोच, पण मागण्याने माणूस खाली उतरला.

थाई विद्यार्थ्याला इंग्रजीतले ‘गिव्ह’ शिकताना वेगळाच त्रास होतो. त्याचे ‘हाय’ हे एकच क्रियापद देणे, कोणासाठी करणे, करू देणे आणि करायला लावणे, एवढी सगळी कामे करते. इंग्रजीत त्याला यासाठी ‘गिव्ह’, ‘फॉर’, ‘लेट’ आणि ‘मेक’ असे चार शब्द वेगळे ठेवावे लागतात. आपले ‘दे’ त्याच कुळातले. ‘पाणी दे’, ‘चिठ्ठी लिहून दे’, ‘जाऊ दे’. फक्त करायला लावण्यासाठी आपण ‘लाव’कडे जातो. वर्ध्याकडे तर ‘देजो’ म्हटले की मागणीत पुढच्या काळाची सवलतही येते. ‘मला जमीन दे’ आणि ‘मला जमीन कसू दे’ या दोन वाक्यांत मराठी एकच क्रियापद वापरते. इंग्रजीत दुसऱ्या वाक्यातून ‘गिव्ह’ नाहीसे होते आणि भूमिहीनाच्या दोन मागण्या दोन वेगळ्या खात्यांत जाऊन बसतात.

चळवळीतून ‘दाना’ची पुढे मोठी पिलावळ झाली: संपत्तिदान, श्रमदान, ग्रामदान. १९५४ साली बोधगयेच्या संमेलनात जयप्रकाश नारायण यांनी ‘जीवनदान’ केले. याचे इंग्रजी ‘गिफ्ट ऑफ लाइफ’ केले तर वाचकाला वाटेल की त्यांनी कोणाचे तरी प्राण वाचवले. ते आपले ‘जीवदान’. ‘मतदाना’त तर गिफ्ट चालणारच नाही, निवडणूक आयोग चौकशी लावेल. ‘डोनेशन’ही मदतीला येत नाही. मराठी पालकाला तो शब्द शाळेच्या प्रवेशाच्या खिडकीपाशी भेटलेला असतो, आणि तिथे स्वेच्छा औषधालाही नसते.

माझा तो जुना अनुवाद यंदा पुन्हा हाती आला. रामचंद्र रेड्डी देतात त्या ठिकाणी मी ‘गिफ्ट’ तशीच राहू दिली, कारण त्यांच्या बाजूने ती गिफ्टच होती. विनोबा मागतात तिथे ती खोडून ‘शेअर’ लिहिले. शेअरबाजार आणि मोबाइल यांनी तो शब्द बराच झिजवला आहे, पण इंग्रजीत वाटणीच्या जवळ जाणारा दुसरा मला सापडला नाही. काही वाक्यांत मागणारा आणि देणारा दोघेही एकत्र येतात. तिथे मी रोमन लिपीत ‘दान’च ठेवले आहे.