‘दुर्बळ’ कोण, हे ठरवतं कोण?

करिंथकरांस पहिल्या पत्राचा आठवा अध्याय वाचताना मी बरेच दिवस एक चूक करत होते. मूर्तीला वाहिलेलं अन्न खायला ख्रिस्ती माणूस मोकळा आहे. पण त्यामुळे दुर्बळ भाऊ अडखळणार असेल, तर पौल स्वतः मांस सोडायला तयार आहे. स्वातंत्र्य आलं, काळजी आली, झालं टिपण! पण दुर्बळ म्हटलेला माणूस त्या पत्रात बोलतच नाही.

तो बोलताना सापडला पंडिता रमाबाईंच्या पत्रव्यवहारात. १८८३ मध्ये इंग्लंडात वाँटेजला बाप्तिस्मा घेतल्यावरही त्या शाकाहारीच राहिल्या. तिथल्या त्यांच्या मार्गदर्शक सिस्टर जेराल्डिन यांना त्यात जातीचा पूर्वग्रह आणि गर्व दिसला. रमाबाईंचं उत्तर खमकं आहे: हिंदूंमध्ये राहायला आलेल्या इंग्रज बाईने आपल्या निरुपद्रवी सवयी सोडल्या नाहीत, तर तिला गर्विष्ठ म्हटलेलं चालेल का? मी हे असं वाचते, की कृपेने मिळालेली मोकळीक न खाण्याचीही असते. खाणाऱ्याने न खाणाऱ्याला तुच्छ मानू नये, असं रोमकरांस पत्राच्या चौदाव्या अध्यायात आहेच. त्या कसोटीला जेराल्डिनबाई उतरत नाहीत.

आता आपल्या कामाचं. ही पत्रं जमवली खुद्द जेराल्डिनबाईंनी, अ. भि. शहांच्या संपादनाखाली ती १९७७ मध्ये छापली गेली. म्हणजे रमाबाईंचा आवाजही त्यांच्याशी वाद घालणाऱ्या बाईंच्या कागदांतून येतो. तरी बाईंनी ती उत्तरं फाडून टाकली नाहीत, हेही टिपून ठेवा. आणि वाचताना आधी पत्रं, मग प्रस्तावना.