झाकण बंद आहे, पण उघडतं कोण?

न्यूमोकॉकस जिवाणूच्या अंगावर पिलस नावाचे बारीक तंतू असतात. आरआरजीबी या प्रथिनाचे मणी एकापुढे एक जोडत तंतूचा कणा बनतो, आणि ही जोडणी करतात सॉर्टेज-सी गटातली विकरं. त्यांच्या स्फटिकरचना 2008 साली मान्झानो आणि सहकाऱ्यांनी 'स्ट्रक्चर' या नियतकालिकात छापल्या. संशोधनाकडे वळणार असाल तर हा पेपर वाचाच, पण जरा भांडत वाचा.

खरी मजा झाकणात आहे. सिस्टीन, हिस्टिडीन, आर्जिनीन हे त्रिकूट जिथे काम करतं, त्या खाचेवर विकराचाच एक पट्टा आडवा पडलेला दिसतो. स्टॅफिलोकॉकसच्या सॉर्टेज-एमध्ये असं झाकण नाही. चित्र लख्ख आहे, वादच नाही. पण कोरेगावात भर दुपारी एखाद्या दुकानाचं शटर ओढलेलं दिसलं, म्हणून ते कधी नि कशानं उघडतं हे कळतं का? स्फटिक म्हणजे थिजलेला क्षण. झाकण हलत असावं हे त्यावरून सुचतं, सिद्ध होत नाही. (चर्चेच्या भागात 'असू शकते' कुठे कुठे येतं ते पेन्सिलीनं अधोरेखित करा.)

म्हणून 'फासेब जर्नल'मधला कॉझी आणि सहकाऱ्यांचा 2013 चा पेपर शेजारी ठेवा. जिवाणू वेगळा, गट-ब स्ट्रेप्टोकॉकस. तिथे झाकणातलं एकच अमिनो आम्ल बदललं, आणि परीक्षानळीत पिलिनची साखळी जुळायला लागली. दिसायला साधा, पण मला हाच पुरावा जास्त पटतो. मात्र जिवंत पेशीत, कुणी काही न बदलता, ते झाकण कशानं उघडतं? दोन्ही पेपर वाचून झाले तरी हा प्रश्न तसाच उरतो.